निळं दार, दोन कप

रविवारी सकाळी विनोद मला म्हणाला, "आबा, चला माझ्यासंगं. तुमची एक सही लागंल."

कशाला ते त्याने सांगितलं नाही. विनोद माझा एकुलता एक मुलगा, कंपनीत सुपरवायझर. आठ दिवस तो नीट जेवत नव्हता आणि करुणाशी, म्हणजे बायकोशी, कामापुरतं बोलत होता. मी कपडे घातले आणि निघालो.

दौंड स्टेशनच्या बाहेर झेरॉक्सच्या दुकानाच्या वर दीक्षा मॅडमचं ऑफिस आहे. मोबाईलमधला पुरावा कोर्टात टिकेल अशा रीतीने काढून देणं हे त्यांचं काम. विनोदने पिशवीतून माझ्या नातीचा अभ्यासाचा टॅब काढला.

"ह्याला बायकोचं जीमेल आहे मॅडम. मागच्या आठवड्यात पोरगी म्हणाली, पप्पा, ह्यात कुणाचं घर आहे? बघा."

मॅडमनी फोटो बघितले आणि टॅब टेबलावर ठेवला. मी वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

निळं दार. दाराबाहेर ओट्यावर चहाचे दोन कप. पुढच्या फोटोत थालीपिठाची ताटली. फोटोत माणूस कुठेच नाही. खाली लिहिलेलं: शिरूर, मंगळवार.

"बारा फोटो आहेत," विनोद म्हणाला. "सगळे मंगळवारचे. तिची बियाणं कंपनीची फिरतीची नोकरी. शिरूरला तिचं काम नसतं, मी ऑफिसात चौकशी केली. मला तिचा फोन उघडून पाहिजे."

"बायको झाली म्हणून तिचा फोन तुमचा होत नाही," मॅडम म्हणाल्या. "तिच्या नकळत उघडला तर गुन्हा तुमच्यावर लागेल. तिची लेखी संमती आणा. फोनचं बिल कुणाच्या नावावर आहे?"

"आबांच्या."

"मग त्यांचीही सही. तुम्ही बायकोला सरळ विचारलंत का?"

"विचारून खरं सांगंल का ती?"

मॅडमनी संमतीचा कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

ते दार ललिताचं होतं. ललिता म्हणजे रेल्वेत माझ्याबरोबर गँगमन असलेल्या हनुमंतची बायको. तो गेला त्याला नऊ वर्षं झाली, माझी मंडळी गेली त्याला सात. दर मंगळवारी मी न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीने शिरूरला जायचो, तिच्या ओट्यावर दोन तास बसायचो आणि संध्याकाळच्या आत परत यायचो. घरी सांगायचो, केडगावला जुन्या दोस्ताकडे, जालिंदरकडे चाललोय. दिवाळीत नवा फोन घेतल्यापासून मला फोटो काढायचा नाद लागला होता. ललिता स्वतःचा फोटो काढू द्यायची नाही, म्हणून मी कप काढायचो.

पण माझ्या फोनमधले कप नातीच्या टॅबमध्ये कसे आले? रात्रभर विचार केला तेव्हा आठवलं. दुकानदार माझा फोन चालू करताना म्हणाला होता, काका, जीमेल सांगा. माझं जीमेल कुठलं? करुणा शेजारी उभी होती. म्हणाली, "माझंच टाका."

सोमवारी विनोदला सांगावं म्हणून दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा पोराला काय सांगणार? वस्तीत मी बुद्धविहाराच्या कमिटीवर आहे. मंगळवारी शिरूरला गेलो नाही. ललितानेच फोन केला.

"आज चहा वाया गेला की तुमचा."

मी सगळं सांगितलं.

"मग सांगून टाका. त्यात काय चोरी हाय?"

"लोक काय म्हणतील?"

"लोक येत्यात व्हय माझ्या ओट्यावर? सुनेचा संसार मोडाया लागलाय आन् तुम्हाला लोक दिसत्यात!"

तिने फोन ठेवला.

विनोदने संमती मागितली तशी बुधवारी करुणा आमच्याबरोबर मॅडमकडे आली. रडली नाही, भांडली नाही. संमतीचा कागद दोनदा वाचला.

"ह्यात लिहा, फक्त ह्या बारा फोटोंपुरतं. माझ्या आईशी मी काय बोलते ते कुणी वाचायचं नाही."

"लिहिते," मॅडम म्हणाल्या. "तुमचा हक्कच आहे तो."

करुणाने पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. "मामा, तुम्हाला काही बोलायचंय?"

 विनोद माझ्याकडे बघत होता.

"न्हाई," मी म्हणालो.

तिने सही केली आणि फोन टेबलावर ठेवला.

शनिवारी तिघंही परत गेलो. जिना चढताना ठरवलं होतं, बसायच्या आधीच बोलायचं. बसलो. मॅडमनी कागद काढला. आता बोलायचं. मॅडम वाचायला लागल्या.

"फोटो कुठल्या फोनने काढला ते फोटोतच नोंदलेलं असतं. हे बाराही फोटो करुणाताईंच्या फोनने काढलेले नाहीत. ह्याच खात्यावर आणखी एक फोन चालू आहे, दुसऱ्या कंपनीचा. तो कुणाकडे–"

मी खिशातून माझा फोन काढून टेबलावर ठेवला.

विनोदला आधी कळेना. मग त्याने तोंडावर हात ठेवला आणि मोठ्याने हसला. पंधरा दिवसांचा श्वास सुटावा तसा.

"आबा! तुम्ही? आन् जालिंदरकाका परवा मला विचारत होते, आबा दिसंनात कुठं!"

करुणा हसली नाही. तिने आपला फोन घेतला, मॅडमना नमस्कार केला आणि खाली उतरली. आम्ही मागून गेलो. ती एसटी स्टँडकडे चालली होती. वरवंडला तिचं माहेर आहे.

"करुणा, चुकलं माझं," विनोद तिच्यामागून चालत म्हणाला. "पोरगी शाळेतनं येईल. कवा येशील?"

"तिला मी संध्याकाळी घेऊन जाईन. मला कधी यायचं ते लेखी विचारा. वाटलं तर सही करून देईन."

विनोद तिथेच थांबला. मी पुढे गेलो. बस लागलेली होती.

"मामा, रविवारीच कळलं होतं ना तुम्हाला?"

"व्हय."

"मला ते फोटो दिवाळीपासनं दिसतायत. पहिल्याच दिवशी ओळखलं, फोटोच्या कोपऱ्यात तुमची काठी होती. मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, मामांना दोन घटका बरं वाटतंय, वाटू दे."

"मग त्याला का न्हाई सांगितलंस?"

"ते तुमचं होतं. तुम्हाला विचारलं की मी, सही करायच्या आधी."

ती बसमध्ये चढली. खिडकीशी बसली, पण बाहेर बघितलं नाही.

तीन दिवस विनोद तिला फोन करत होता. ती लेकीला बोलू द्यायची, स्वतः बोलायची नाही. मंगळवारी सकाळी मी काठी घेतली.

"केडगावला?" विनोदने विचारलं. त्यात चेष्टा नव्हती.

"वरवंडला. तिच्या आईबापासमोर सांगतो, दोष कुणाचा ते. ललिताचं नावपण सांगणार हाय."

 तो चपला शोधायला लागला.

"तू यायचं तर ये," मी म्हणालो. "पण तिथं हसायचं न्हाई. आन् आधी मी बोलणार."