चकचकीत दात

डॉक्टर राधिकाच्या तेलीबांध्याच्या दवाखान्यात दर दोन-तीन महिन्यांनी दात साफ करून घेणारा पेशंट एकच, बीरगांवचा हरिदास. कारखान्यात फिटर. लोक दाढ ठणकल्याशिवाय दाराशी फिरकत नाहीत आणि हा आपल्या पायांनी येतो, याचं तिला केवढं कौतुक! बिडी सोडा, हे ती दर खेपेला बजावायची. तो मान डोलवायचा. पुढच्या खेपेला काळे डाग हजर. पालथ्या घड्यावर पाणी.

आज दात घासून झाले आणि तिला त्याच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला, कडेने लाल. तिने कापसाने पुसून पाहिला, तो निघेना.

"हरिदासभाऊ, हे पुसून जात नाही."

"मंग मशीन लावा ना, मॅडम."

"मशीनने नाही जात. खरं सांगा, दिवसाला किती बिड्या?"

त्याने दाराकडे पाहिलं. "एक बंडल. पन घरी सांगू नका. पोट्टीच्या डोक्शावर हात ठेवून सोडली म्हनलं. माही बायको शेवंता रोज सकाळी दात पाहते. डाग दिसू लागले का मी तुमच्याकडे येतो."

राधिकाने हातातला कापूस टाकला. वर्षभर तोंडाने उपदेश केला आणि हाताने याची चोरी पुसून दिली! तिला स्वतःचाच संताप आला.

नेमकी आज शेवंता सोबत आली होती. लाडवांचा डबा घेऊन ती आत शिरली. "तुमच्यामुळं सुटली यायची बिडी, दीदी. वर्स झालं."

"गालात चट्टा आहे. तुकडा काढून तपासायला हवा, आजच."

"काहून? थे तं बिडीवाल्यायले होते."

हरिदासने बायकोच्या पाठीमागून हात जोडले. राधिकाने क्षणभर डोळे मिटले. जीव मोठा की पेशंटचं गुपित?

"त्यांनी सोडलेली नाही, ताई. रोज एक बंडल ओढतात."

शेवंताचा चेहरा पडला. तिने वळून नवऱ्याची हनुवटी धरली, तोंड दिव्याकडे फिरवलं आणि रोज सकाळी पाहायची तसे दात नीट पाहिले.

"खोटं काहून बोलता, दीदी? एक डाग दाखवा."

दाखवायला डाग नव्हता. राधिकानेच पाच मिनिटांपूर्वी काढला होता.

"चला हो," शेवंता म्हणाली, आणि हरिदास घाईघाईने खुर्चीवरून उतरला.