उघडा वीर

“घोडंवाल्याला हात लावू नगंस, पोरा. त्यो अजून वाटंवर हाय.”

बायाचा हा आवाज मी सातव्या वर्षी ऐकला. भाताच्या आवणीला माणसं सांगायला वडील तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला ठाकरवाडीत गेले होते आणि मी त्यांच्या धोतराला धरून. ते अंगणात बोलत राहिले, मी आत डोकावलो. भिंतीतल्या देवळीत मूठभर तांदळांवर रुप्याचा एक गोल टाक उभा होता. घरातला पुरुष लग्नाआधी, अवेळी गेला की त्याचा वीर होतो आणि देवांच्या ओळीत येऊन बसतो, तसला वीराचा टाक. त्यावर घोडा, घोड्यावर माणूस, आणि माणसाच्या अंगावर चिंधी नाही. मी हात पुढे केला तेवढ्यात जात्यावरून बाया बोलली. ओरडली नाही. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बोलावं तशी बोलली, आणि खुंटा धरून पुन्हा दळायला लागली.

बसरं गं बसरं, किती लांबचं गं गाव
वाळूला इचारीते, माज्या बंधवाचा ठाव

घोड्यावर बसूनिया, घरी आला माजा वीर
अंगी न्हाई अंगरखा, डोळा खळंना गं नीर

बाया त्या घराची विधवा होऊन माहेरी परतलेली लेक. गेलेल्या भावाचं नाव तिने कधी तोंडातून काढलं नाही, ओवीतही तो नुसता बंधूच राहिला. ती गेली आणि नावही तिच्याबरोबर गेलं.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात लागलो, लोणावळ्याला घर बांधलं. चाळिशीत एकदा पुण्याच्या जुन्या बाजारात कुलपं-किल्ल्यांच्या ढिगात एक पदक हाती लागलं. पुसलं तर कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं दिसली. नंबर, हुद्दा, नाव, पलटण. एक माणूस कुठेतरी लढला, कुठेतरी पडला, आणि त्याचं नाव बोटभर कडेवर तेवढं शिल्लक. त्या दिवसापासून मला दुसरा नाद उरला नाही. आज कपाटात निळ्या मखमलीवर एकशे अकरा पदकं आहेत. नंदा, माझी बायको, आल्यागेल्याला सांगते, “यांच्या घराण्यात शिपाई सोडा, साधा वॉचमन झाला नाही कोणी. आणि कपाटात पलटण!”

पदकांच्या पुस्तकात एकदा पहिल्या महायुद्धाच्या पदकाचं चित्र पाहिलं आणि अंगावर काटा आला. एका बाजूला इंग्रजांचा राजा. दुसऱ्या बाजूला उघडाबंब घोडेस्वार, टापेखाली ढाल आणि कवटी. म्हणजे बायाचा देव हा! ओवीतलं ‘बसरं’ म्हणजे त्या लढाईतलं परमुलखातलं बसरा बंदर. सरकारने मेलेल्या भावाचं पदक घरी पाठवलं, घरच्यांनी त्यावर घोडा पाहिला, स्वार पाहिला आणि म्हणाले, आला आपला वीर. राजाचं तोंड भिंतीकडे केलं, स्वाराला हळद लावली. चूक म्हणावी तर चूक. पण मला वाटतं, त्या पदकाचा इतका खरा अर्थ दुसऱ्या कोणी लावला नसेल.

आणि तरी मी ते केलं.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी झुंबरबाई दारात आली. बायाच्या पुतण्याची बायको, आता सत्तरीची. बाजारात गावठी काकड्या विकायला येते आणि जाताना चार आमच्या ओट्यावर ठेवून जाते. त्या दिवशी तिने कनवटीची पुरचुंडी सोडली.

“भाऊ, बाबा लय झिजला बगा. घोड्याचं त्वांडच ऱ्हायलं न्हाई. सनाच्या आदी उजळून घ्यावा म्हन्ते. तुमच्या वळखीचा सोनार हाय का कुनी?”

पुरचुंडीत तो होता. वर अडकवायची पट्टी कधीच तुटलेली. चिंच आणि राख लावून शंभर वर्षं घासलेला, राजा तर पार सपाट झालेला. मी तो कडेवर फिरवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्याजवळ नेला. कड घासायचं कोणाच्या मनात आलं नव्हतं. अक्षरं जशीच्या तशी होती. ड्रायव्हर. गेणू. खेचरांची पलटण. घोड्यावर नव्हे, खेचरामागे चालत गेला होता तो.

त्या घटकेला “मावशी, तुमच्या वीराचं नाव गेणू” एवढं म्हणालो असतो तर पुढचं काही घडलं नसतं. मी म्हणालो, “ठेवून जा. मी आणतो उजळून.”

तळेगावच्या सोनाराकडून चांगल्या चांदीचा नवा टाक घडवून घेतला. पागोटं, अंगरखा, उगारलेली तलवार. चार दिवसांनी झुंबरबाईच्या हातावर ठेवला. तिने तो उन्हाकडे धरला, फिरवून पाहिला आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

“अगं बया! बाबाला अंगरखा शिवला व्हय सोनारानं? इतकी वर्सं गारठला हुता बिचारा!”

“उजळलं की सगळं नीट दिसतं, मावशी,” मी म्हणालो.

तिने विश्वास ठेवला. वीराला कपाळी लावलं, मलाही हात जोडले. ते जोडलेले हात मला अजून पुसता येत नाहीत.

मनाची समजूत घालायला शब्द पुष्कळ असतात. मी त्याला राखलं, म्हणालो. चिंचेपासून वाचवलं. तिकडे देवळीत आणखी दहा वर्षांत नावही गेलं असतं. पुण्याचा प्रज्ञेश, माझ्यासारखाच पदकांचा नादी, फोटो पाहून फोनवर नाचायचा बाकी राहिला. “काका, नावासकट, ते पण आपल्या मावळातला माणूस! कोणाला देऊ नका हं!” दुपारी एकटा असलो की मी खण उघडून गेणूला तळहातावर घ्यायचो. बाकीच्या एकशे अकरांना कधी घेतलं नाही असं. वाटायचं, हा माझाच कोणी आहे. पण तळहातावर त्याचं वजन रोज वाढत गेलं.

यंदा आषाढात वाडीतल्या त्या घराची कौलं गळायला लागली. झुंबरबाई आणि तिचा मुलगा गोविंदा खाचरात होते. घरी गोविंदाची बायको बबिता, तीही अडचणीची, बाजूला बसलेली. पाण्याची धार देवळीत पडायला लागली, तेव्हा तिने उठून टाक उचलला, पदराने पुसला आणि कोरड्यात ठेवला. संध्याकाळी सासूला आपणच सांगितलं. झुंबरबाई थोडं पुटपुटली, गोमूत्र शिंपडलं, विषय मिटला.

श्रावणात गोविंदा-बबिताच्या चार वर्षांच्या छकुलीला फिट आली. नंतर आणखी दोनदा. दवाखान्यात नेली, डॉक्टरांनी औषध लावलं आणि उतारही पडला. पण वाडीच्या भगताने तांदूळ पाहिले आणि म्हणाला, “वीर घरात न्हाई. रिकामी जागा दिसती.” मग आषाढातली गोष्ट वर आली. बबिताला घोरावाडीजवळ माहेरी धाडलं.

हे सगळं मला झुंबरबाईनेच सांगितलं, आठ दिवसांपूर्वी, आमच्या ओट्यावर बसून. काकड्या नव्हत्या आणल्या. हातात नुसती रिकामी पिशवी होती.

“पोरगी दवा घेईना, भाऊ. आईच्या हातानं घेती, माज्या हातावर थुकती. पर वाडी म्हन्ती, बबिताला आता घरात घ्यायची न्हाई. तिचा बाप म्हन्तो, माज्या लेकीनं न्हाई बाटवला, सोनाराकडंच काय तरी झालं आसंल. आयतवारी समदी बसनार हाईत. तुमी येऊन सांगा. उजळताना काय चुकलं का?”

ती माझ्याकडे पाहत होती. तिला काय ऐकायचंय ते मला कळत होतं. काही चुकलं म्हणालो तर सून सुटणार होती. नाही म्हणालो तर पोरीची आई जाणार होती. आणि मी म्हणालो, “नाही मावशी. चुकायचं काय त्यात.”

“मग ऱ्हायलं,” ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. “पर या तुमी. तुमच्या शब्दाला मान हाय.”

नंदा उंबऱ्यात उभी होती. झुंबरबाई कोपऱ्यावरून वळल्यावर तिने विचारलं.

“तिसऱ्या खणात, डाव्या कोपऱ्यात. मखमलीवर न टाचता नुसतं ठेवलेलं. ते काय आहे हो?”

“तुला काय करायचंय?”

“मला काहीच नाही. मी तुमच्या पलटणीत नाही. पण त्या बबिताला मी पाहिलंय. लग्नानंतर सासूबरोबर आली होती, ओट्यावर पाय ठेवायला लाजत होती.” मग आत जाता जाता म्हणाली, “पदकं शूरांची गोळा करता ना तुम्ही?”

रविवारी सकाळी मी पदक सदऱ्याच्या खिशात घातलं आणि स्कूटर काढली. पवनेच्या कडेने जाताना तीनदा थांबलो. एकदा तर स्कूटर मागे फिरवलीही. मनात हिशेब चालले होते. गुपचूप देवळीत बदलून ठेवता येईल. सोनारावर ढकलता येईल, तो काही वाडीत येत नाही. प्रत्येक वाट सरळ दिसायची आणि प्रत्येक वाटेच्या शेवटी ते हसणं ऐकू यायचं. “अंगरखा शिवला व्हय सोनारानं?”

अंगणात दहा-पंधरा माणसं बसली होती. मला बसायला खुर्ची दिली, बाकी सगळे खाली. बबिता अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर बापाशेजारी उभी होती, आत यायची बंदी म्हणून. छकुली आजीच्या हाताला हिसडे देत होती, “आये, आये” करत. गोविंदा खाली मान घालून काडीने माती उकरत होता. त्याच्या तोंडावर किती रात्रींची झोप नव्हती कोणास ठाऊक.

भगत म्हातारा होता, सावकाश बोलणारा. म्हणाला, “डाक्तरचं औशिद बंद करायचं न्हाई, ह्ये मी आदीच सांगितलंय. माजं म्हननं येवडंच, जागा रिकामी हाय. का रिकामी हाय त्ये बगा.”

बबिताचा बाप गडग्यापलीकडून बोलला, “हात लावला म्हून देव जातो व्हय? मग आयाबायांनी न्हाऊमाखू घातलेला कुटला देव ऱ्हायला अस्ता?”

“तुमी गप बसा पावनं,” कोणीतरी म्हणालं. “भाऊंना बोलू द्या. शिकलेलं मानूस हाय.”

भगताने माझ्या उजव्या तळहातावर चिमूटभर भंडारा ठेवला. “वीराच्या नावानं बोला, भाऊ. नाव आमाला ठावं न्हाई, पर त्याला आपलं ठावं आसंल. टाक उजळून आणला तवा कायबी चुकलं न्हाई, हे खरं ना?”

सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. बबिता तेवढी माझ्याकडे पाहत नव्हती. ती पोरीकडे पाहत होती. तिने माझ्याकडून काही मागितलंच नव्हतं. तिच्या दृष्टीने माझं उत्तर ठरलेलं होतं, आणि तेच ठरलेलं उत्तर माझ्या जिभेवर येऊन उभं होतं.

मी खुर्चीवरून उठलो आणि खाली मातीत झुंबरबाईसमोर बसलो. डाव्या हाताने खिशातलं पदक काढून तिच्या पायाशी ठेवलं. तिने ते उचललं नाही. मग तिचं बोट पुढे झालं आणि त्या उघड्या पाठीवरून फिरलं, थंडीत बाहेर गेलेलं लेकरू परत आल्यावर फिरवावं तसं.

“भाऊ,” ती म्हणाली, “ह्यो कुटं हुता?”

“माज्या कपाटात,” मी म्हणालो. लहानपणची बोली तोंडात आली होती. “वरीस झालं. उजळला न्हाई मावशी, बदलला. बबितानं उचलला त्यो माज्या सोनाराचा पत्रा हुता, तिचा कायबी दोस न्हाई. ह्याचं नाव गेणू हाय, कडंला लिवलंय. त्येबी मला ठावं हुतं, आन् तुमाला सांगितलं न्हाई. राखला, वाचवला, आसं मी वरीसभर म्हनत आलो. त्ये खोटं हाय. तुमी हात जोडलं तवा माज्या खिशात तुमचा बाबा हुता. मी चोरला त्याला.”