फोटोत सरळ केलेला खांब

मित्रांनो, मी मोरिवलीतल्या एका लहान देवळाच्या ओवरीतला जुना सागवानी खांब आहे. ओवरी म्हणजे देवळाच्या कडेने जाणारी छपराखालची वाट. ते छप्पर आम्ही आठ खांब तोलून धरतो. मी पायरीजवळचा. आज मला फार राग आला आहे आणि तो मी गिळणार नाही.

मला नाथा सुताराने घडवले. दर पावसाळ्याआधी तो आम्हाला तेल पाजायचा, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकायचा. तो गेला आणि तेलही गेले. माझ्या पायथ्याला वाळवी लागली. गावाने काय करावे? फोटोत देऊळ जुनाट दिसते म्हणून आम्हा आठही जणांना संगमरवरासारखी दिसणारी प्लास्टिकची शीट गुंडाळली. आतल्या वाळवीची चंगळच झाली.

आता अंबरनाथ, बदलापूरहून माणसे येतात, नवरा-नवरीला आमच्या रांगेत उभे करून फोटो काढतात. "काय लोकेशन आहे," म्हणतात. अरे, लोकेशन कसले? मी लाकूड आहे आणि मी सडतो आहे.

परवा फोटोग्राफर दिपेश आला. देवळाच्या कमिटीचे प्रमुख बुधाजी यांच्या मुलीच्या, तेजस्वीच्या लग्नाचे काम त्याच्याकडे आहे. कॅमेऱ्यात बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"दादा, हा कडेचा खांब तिरका येतोय. मागच्या महिन्यात सरळ होता."

"मंग एडिटिंगमदे सरल कर ना," बुधाजी म्हणाले.

आणि त्याने केला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तो फोटो आता देवळाच्या फाटकावर लावला आहे. त्यात मी ताठ उभा आहे. इथे मात्र छपराचे ओझे रोज मला थोडे थोडे खाली दाबते आहे.

बुधाजींची काकू पुतळाबाई रोज दुपारी मला पाठ टेकून बसते. तिने काल मला ठोकून पाहिले.

"बुधाजी, यो खांब पोकल वाजतंय रं."

"काकी, ती शीट हाय. पोकलच वाजनार."

म्हातारीने पुन्हा मलाच पाठ टेकली. शीट लावली तेव्हाच आमचा खरा आवाज दबला, पण आतून मी खरोखरच पोकळ झालो आहे, हे तिला कोण सांगणार?

रविवारी तेजस्वीची हळद आहे. सगळे गोत ओवरीत फोटोला उभे राहणार आणि वयाचा मान म्हणून पुतळाबाईची खुर्ची पायरीजवळ, माझ्या शेजारी मांडणार. मित्रांनो, माझी काळजी घ्या, असे म्हणायची वेळ गेली. आधी ती शीट फाडा. छपराला टेकू द्या आणि मला काढून चुलीत घाला, मला वाईट वाटणार नाही. पण त्या म्हातारीला माझ्याखाली बसवू नका. मी तिला सांभाळू शकत नाही.