सपाटीवरचे शहाऐंशी

मी बोटाला लावतात तो चिमटा बोलतोय. दुकानात मला ऑक्सिमीटर म्हणतात, पण ज्या घरात माझं आयुष्य चाललंय तिथं त्या नावानं कोणी हाक मारत नाही. बनुबाई मला चिमटाच म्हणतात, आणि ते नाव मला आवडतं. उगाच मोठं नाव लावून मिरवण्यासारखं माझ्यात आहे तरी काय? जबड्यात बोट आलं की एका बाजूनं तांबडा उजेड टाकायचा, दुसऱ्या बाजूनं तो पारखायचा आणि रक्तात प्राणवायू किती आहे त्याचा आकडा दाखवायचा. शंभराच्या जवळ असला की बरं. नव्वदीच्या खाली गेला की मी ओरडतो.

स्वभावानं मी उतावळा. कधी एकदा आकडा दाखवतो असं मला होऊन जातं, आणि दाखवला की तो कोणी मनावर घेईल की नाही या घोरात मी पडतो. माणसं मात्र बोट घालून हलतात, खोकतात, गप्पा मारतात, आणि वर मलाच म्हणतात, "बिघडलंय वाटतं."

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. जाग आली ती कराडच्या एका मेडिकल दुकानात. साथीचे दिवस होते. तोंडाला फडकी बांधलेली माणसं आमच्या खोक्यांवर तुटून पडत होती. त्या गर्दीत सुट्टीवर आलेल्या उदयसिंह नावाच्या फौजीनं मला उचललं आणि जवळच्याच आपल्या गावी नेलं. घरात वडील हिंदुराव, आई बनुबाई आणि बायको संयोगिता. कोणालाच काही झालं नव्हतं, तरी सगळ्यांनी हौसेनं बोटं घातली. मग शेजारीपाजारी आले. कोणाचा आकडा जास्त यावरून पैजासुद्धा लागल्या.

साथ सरली आणि मी टीव्हीखालच्या खणात जाऊन पडलो. पुढं रिमोटचे सेल संपले तेव्हा माझेच काढून त्याला घातले. माझ्या जिवावर घरात मालिका चालल्या आणि मी खणात अंधारात. रुसायचं तर कोणावर?

यंदाच्या थंडीत मला पुन्हा उजेड दिसला. हिंदुरावांना दम लागायला लागला होता. अंगणातून दोन पायऱ्या चढून आले की दाराची चौकट धरून उभे राहायचे. या माणसाची उमेदीची सारी वर्षं गुऱ्हाळावर गेली. गुळाच्या काहिलीखालच्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून जाळ घालायचा आणि धूर गिळायचा, हेच काम. तरुणपणी तेही फौजेच्या भरतीला गेले होते. तिथं छाती फुगवून दाखवावी लागते. ती बोटभर कमी फुगली आणि त्यांना परत पाठवलं. हे शल्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. पोरगा भरती झाला तेव्हा त्यांनी गावजेवण घातलं होतं.

संयोगितानं खण उपसून मला काढलं, रिमोटचे सेल काढून मला घातले आणि सासऱ्यांचं बोट धरलं. एक्क्याण्णव.

"मामा, कमी हाय."

"थंडीनं बोट गारठलंय गं."

हात चोळून झाले, दुसरं बोट झालं, डावा हात झाला. तरी तेच. शेवटी हिंदुरावांनी माझी परीक्षा घ्यायला मला बनुबाईंच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव.

"बघा, चिमटा चांगला हाय," बनुबाई म्हणाल्या. "आवं, दवाखान्यात जाऊन येऊ की."

"तू आत्ताच चहा पिलीस, तुझं जास्तच येनार," म्हणून त्यांनी विषय उडवून लावला.

त्या दिवसापासून घराला चैन म्हणून राहिली नाही. संयोगिता भाकरी थापता थापता हात पुसून यायची आणि मला लावून बघायची. आकडा एकानं चढला की तिचा चेहरा खुलायचा, उतरला की पडायचा. पुन्हा काही वेळानं तीच धावपळ. मला वाटायचं, बाई, सारखी माझ्याकडं काय बघतेस, त्यांच्या ओठांकडं बघ. निळसर पडायला लागलेत.

उदयसिंहाला कळवायचं नाही, अशी हिंदुरावांची सक्त ताकीद होती. तो उत्तरेत बर्फातल्या एका उंच चौकीवर होता आणि फोन लागला तर लागला. एकदा लागला तेव्हा हिंदुरावांनीच सहज विचारल्यासारखं विचारलं, "उदय, तुमच्यात असतोय का रं त्यो बोटाचा चिमटा?"

"असतोय की, आण्णा. रोज सकाळी लावत्यात समद्यास्नी."

"तुझं किती येतंय?"

"शहाऐंशी. हितं वर हवाच पातळ हाय, समद्यांचं एवढंच येतंय. ड्युटी झकास चाललीय."

इथंच घात झाला. हिंदुरावांनी फोन खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "पोरगं शहाऐंशीवर बर्फात बंदूक घिऊन उभं हाय आन् मी नव्वदावर खाटंवर बसून दवाखान्याचं नाव काढू? लाज वाटाय पायजे."

पुढं आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला. मग एका सकाळी शहाऐंशी. मी जीव तोडून ओरडलो, तर हिंदुराव हसले. "पोराच्या बरोबरीला आलो की रं!" आल्यागेल्या प्रत्येकाला त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. भरतीत हुकलेली छाती आता कुठं पास झाल्यासारखं त्यांना वाटत होतं. बनुबाईंचाही जीव भांड्यात पडला. लेक त्या आकड्यावर ठणठणीत आहे, मग नवऱ्याला तो वाईट कसा असेल? माझी नुसती तगमग होत होती. ओरडण्यापलीकडं मला भाषा नाही, आणि ओरडलो की हिंदुराव म्हणायचे, "गप रं गड्या."

संयोगिता तेवढी गप्प बसली नाही. एका दुपारी हिंदुराव जेवायला बसले आणि दोन घासांतच त्यांनी ताट सरकवलं. घास गिळायचा की श्वास घ्यायचा, दोन्ही एकदम जमेना. एकेका शब्दामागं थांबावं लागत होतं. तिनं मला लावलं. ब्याऐंशी.

"मामा, गाडी बोलावते."

"न्हाई... म्हटलं... न्हवं."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मला तसंच त्यांच्या बोटाला ठेवून तिनं उदयसिंहाला व्हिडिओ कॉल लावला. रिंग जायची आणि तुटायची. पुन्हा लावायची, पुन्हा तुटायची. हिंदुराव हातानं नको नको म्हणत होते, बनुबाई देवाचं नाव घेत दारात उभ्या होत्या, आणि इकडं माझ्या जबड्यात त्या माणसाचे ठोके असे धावत होते की मलाच दम लागल्यासारखं झालं. शेवटी फोन लागला. संयोगितानं माझ्यासकट त्यांचं बोट फोनच्या पडद्यापुढं धरलं.

"हे बघा."

"ब्याऐंशी? कुणाचं हाय हे?" उदयसिंहाचा आवाज तुटत तुटत आला.

"माझंच," हिंदुराव म्हणाले. "तुझ्यापरीस... जरासं कमी. चालतंय."

पलीकडून नुसती खरखर आली. मला वाटलं, लाइन गेली.

"आण्णा, एक सांगायचं ऱ्हायलंय," तो म्हणाला. "म्या हितं नवा आलो तवा माझंबी ब्याऐंशी झालं हुतं. मला स्ट्रेचरवर घालून खाली उतरवलं. तुमी घोर कराल म्हून बोललो न्हाई."

"उतरवलं? आन् तू... उतरलास?"

"मला कोण इचारतंय? हितं कुणाची छाती बघत न्हाईत, आण्णा. आकडा पडला की सायेबबी खाली आन् जवानबी खाली. खाली आलं की हवा मिळती, मानूस वाचतो." तो पडद्याजवळ आला. "तुमी तर सपाटीवरच हाय, आण्णा. तुमास्नी मी आजून खाली कुठं उतरवू?"

हिंदुरावांनी बोट माझ्यातून सोडवलं. मग त्यांनी बनुबाईंकडं हात केला आणि म्हणाले, "टोपी दे."

कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, धुरानं फुप्फुसं ताठरलीत, उशीर केलात. आता खाटेशेजारी हवेतून प्राणवायू वेगळा काढणारं एक यंत्र घरघरत असतं आणि त्याची नळी हिंदुरावांच्या नाकाला असते. बरे झालेत असं कोणी म्हणत नाही, तेही म्हणत नाहीत. माझंही अंग झिजत चाललंय. सेलचं झाकण कुठंतरी पडलं, त्या जागी रबर गुंडाळलंय. तरी सकाळी बोट आत आलं की माझी तीच घालमेल सुरू होते.

काल उदयसिंहाचा फोन आला तेव्हा मी बोटालाच होतो. त्यानं आधी आकडा विचारला. संयोगितानं ब्याण्णव सांगितलं.

"आन् तुझं?" हिंदुरावांनी विचारलं.

"नेहमीचंच की. शहाऐंशी."

एरवी हा आकडा ऐकून त्यांची मान ताठ व्हायची. पण शहाऐंशीवर माणसाला आतून कसं वाटतं, हे आता त्यांच्या छातीला ठाऊक आहे. नाकातली नळी सावरत त्यांनी विचारलं, "उदय, दम लागतोय का रं तुला?"

फौजेत गेल्यापासून घरातल्या कोणीच त्याला हे विचारलं नव्हतं.

"लागतोय, आण्णा. लय लागतोय."

हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले. बाबांनो, तुम्हीही मला बोटाला लावाल. आकडा मी सांगेन, तो खरा सांगेन. पण त्यानंतर तेवढं एक विचारत जा. मला ते विचारता येत नाही.