तारेपल्याडचं पाणी

कृष्णात बांधाच्या टोकाला काठीला पांढरं धोतर बांधून उभा होता, आणि शेजारच्या बांधावर जमलेल्या बायका त्याची टर उडवत होत्या.

"भावजी, धोतर काठीला दिलंसा, आता तुमी काय नेसनार?" हरणाबाईनं विचारलं.

"ह्ये कारखान्याचं हाय. गप ऱ्हावा, पावडर जाईल तोंडात."

स्वातंत्र्य मिळून दोन वर्षं झाली होती. त्या साली कृष्णाकाठच्या उसावर पाकोळीची कीड पडली. पानं चिकट झाली, काळी पडली, आणि कारखान्यानं औषधाची भुकटी मारायला विमान आणलं. वैमानिक मानसिंग लढाईच्या काळात विमान शिकलेला पोरगा. तो उसाच्या शेंड्यांना घासत यायचा, भुकटी सोडायचा आणि कृष्णाताच्या डोक्यावरून वर उठायचा. कृष्णात थोडा बाजूला सरकून पुन्हा धोतर उंच धरायचा. बर्मात पलटणीत असताना त्यानं विमानांना निशाण दाखवलेलं, म्हणून हे काम त्याच्याकडे आलं होतं.

त्याच्या पाठीमागून कारखान्याची विजेची तार नदीवरच्या पंपाकडं गेली होती. मानसिंगला ती सकाळी चालत फिरून दाखवली होती. पण वरून खांब दिसतो, तार दिसत नाही. आणि तिथला खांबही बाभळीत बुडालेला. दुपारकडं वारा पडला. आधीच्या खेपेची भुकटी खाली बसेना, तशीच तरंगत राहिली. त्या पांढऱ्या धुरळ्यात विमान उचलायला त्याला जरासा उशीर झाला.

चाकं तारेत अडकली. निळा लोळ उठला आणि विमान नाकावर उसात पडलं.

माणसं धावली आणि बांधावरच थबकली. ऊस सकाळीच भिजवलेला, सऱ्या पाण्यानं भरलेल्या. तुटलेली तार विमानाच्या पंखावरून त्या पाण्यात लोळत होती. बांधापासून विमानापर्यंतचं अंतर मोटेच्या दोराएवढंसुद्धा नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात हीच तार अशीच पडली होती. बैल चिकटला, त्याला सोडवायला कृष्णाताचा धाकटा भाऊ गुंडा गेला, आणि दोघंही तिथंच राहिले.

"सायेब, उतरू नगासा! तार पडलीया!" कृष्णात ओरडला.

"उतरता येत न्हाई," आतून आवाज आला. "छाती दाबलीया. पाणी द्या."

गावातला नाथाजी सायकलवर टांग मारून वीज बंद करवायला कारखान्याकडं सुटला. तेवढ्यात कृष्णाताची आई राहीबाई तांब्या भरून आली आणि पदर खोचून तशीच सरीत उतरू लागली. कृष्णातानं मागून तिच्या कमरेला मिठी घातली.

"सोड मला. लेकरू पानी मागतंय."

"आये, पान्यात वीज हाय."

"मला तर दिसंना."

"गुंडाला तरी दिसली हुती व्हय?"

राहीबाईनं उचललेला पाय बांधावरच टेकला. गर्दीतला दादासो म्हणाला, "बांबूनं सारूया की तार."

"गुंडानं बी बांबूच घेतला हुता. वल्ला."

"मग वाळका आनू."

"आन. पर हुबा कुटं ऱ्हानार? खाली पानीच हाय न्हवं?"

राहीबाईनं बांधावरूनच हाक दिली, "कुटला रं तू, लेकरा?"

"फलटणकडचा."

"आई हाय?"

"हाय."

"तिला ठावं हाय का तू असलं उडतूस त्ये?"

मानसिंग हसला. हसता हसता खोकला आला आणि हनुवटीवर रक्त ओघळलं. "तिला वाटतं मी कारकून हाय."

"लबाड हाईस! बोलत ऱ्हा, निजू नगंस."

मग तीच बोलत राहिली. मारकी गाय, औंदाची जुंधळ्याची कणसं, विहिरीत पडलेलं मांजर. तो "हं" म्हणायचा. उन्हं कलली. "हं" लांबत लांबत गेला आणि मग आलाच नाही. तरी ती बोलतच होती.

नाथाजी कारखान्याच्या तारवाल्याला घेऊन आला. तारवाला सरळ पाण्यात उतरला आणि उघड्या हातानं तार उचलून बाजूला फेकली.

"आरं आरं!" दादासो किंचाळला.

"काय न्हाई तिच्यात. तुटली तवाच तिकडं फ्यूज उडाला. कुटं तुटलीया त्येच हुडकत येतुया मघाधरनं, वाटंत ह्यो नाथाजी गावला."

जिती तार आणि मेली तार, दिसायला दोन्ही सारख्याच.

"गेल्या साली का उडाला न्हाई मग?" कृष्णातानं विचारलं.

"तवा फ्यूजला जाड तार घातली हुती कुनीतरी. तुजा भाऊ गेला, तवा बदलली."

"आन् आमाला सांगितलं न्हाई?"

"तुमाला सांगून काय करायचं हुतं?" तारवाल्यानं विमानात वाकून मानसिंगच्या मानेला हात लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि काढून घेतला. "गेलं पोरगं."

कृष्णातानं आईला अजून तसंच धरून ठेवलं होतं. राहीबाईनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि तांब्या घेऊन ती पाण्यात उतरली.