पडद्यापर्यंतची गोष्ट

मित्रांनो, मी एक आरसा आहे. वयाने जुना, मनाने भोळा, पण जन्मानेच थोडा लबाड. तुमच्या घरातला आरसा समोर येईल त्याला त्याचा चेहरा दाखवतो आणि गप्प बसतो. माझे तसे नाही. माझ्या एका बाजूला उभे राहिलात तर तुम्हाला तुम्हीच दिसाल आणि तुम्ही केस सारखे करू लागाल. दुसऱ्या बाजूला उभा असलेला माणूस मात्र माझ्यातून आरपार तुम्हाला बघत असेल. त्याच्यासाठी मी साधी खिडकी आहे.

कारखान्यात माझ्या काचेवर धातूचा अगदी पातळ थर चढवला. थोडा उजेड परत फिरवायचा, थोडा पलीकडे सोडायचा, एवढेच काय ते माझे कसब. मला गवतात गुंडाळणारा कारागीर सोबत्याला म्हणाला, "हा चौकीत जाणार बघ, चोर ओळखायला." मी पार हिरमुसलो. पण माझे नशीब चांगले. मला एका कॉलेजच्या मानसशास्त्र विभागात दोन खोल्यांमधल्या भिंतीत बसवले.

एका खोलीत भरपूर उजेड. तिथे बुटके टेबल, रंगीत खडू, कापडी खेळणी आणि समोरासमोर खुर्च्या. दुसरी खोली अंधारी. तिथे नुसती बाके आणि पलीकडचा आवाज ऐकवणारा एक स्पीकर. मन दुखावलेली माणसे उजेडात येऊन बसत, आणि त्यांच्याशी कसे बोलावे हे शिकणारे विद्यार्थी अंधारात बसून बघत. मधे मी. मला वाटे, या इमारतीत माझ्याएवढा महत्त्वाचा कोणी नाही!

उजेडाच्या खोलीत एक मानसतज्ज्ञ बाई बसत. त्यांची एक पद्धत मला सुरुवातीला मुळीच आवडली नाही. कोणीही आले की बाई आधी माझे बिंग फोडत. "हा आरसा नाही, खिडकी आहे. पलीकडे माझे विद्यार्थी बसतात. चालेल का तुम्हाला? नको असेल तर नको म्हणा, मी तुमच्याशी तितक्याच आपुलकीने बोलेन. मधेच नकोसं वाटलं तरी सांगा." एक ट्रकचालक मिशीला पीळ देत म्हणाला, "बघू देत की, फुकटचा सिनेमा!" एक आजी पदर सावरत नको म्हणाल्या. लगेच अंधाऱ्या खोलीतली बाके रिकामी झाली. मला वाटे, काय हा नसता उपद्व्याप!

मग एक दिवस मैना आली.

मैना हे तिचे घरचे लाडाचे नाव. आठ वर्षांची मुलगी. घरात तोंडाचा पट्टा अखंड चालू, आणि उंबरा ओलांडला की चिडीचूप. शाळेत तिचा आवाज कोणीच ऐकला नव्हता. वर्ष संपेपर्यंत ती बोलली नाही तर तिला दुसरीकडे न्या, असे शाळेने बजावले होते. मैनाला बाहेर बसवून हे सांगताना तिच्या आईचे डोळे भरून आले. बाईंनी तिला धीर दिला आणि रिवाजाप्रमाणे माझी ओळख करून दिली.

"माझी काही हरकत नाही," आई म्हणाली, "पण तिला नका हो सांगू. बुजेल ती. मी आई आहे, मी हो म्हणतेय ना."

बाई क्षणभर घुटमळल्या. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली. नेमके तिथेच चुकले.

सुरुवातीला सगळे छान चालले होते. मैना चित्रे काढू लागली. मग एका कापडी सशाशी तिची गट्टी जमली. ती त्याच्या कानाला ओठ लावू लागली, आणि एके दिवशी ते ओठ हलले. आवाज आला नाही, पण अंधाऱ्या खोलीत सगळ्यांनी श्वास रोखून धरला.

त्याच वेळी उशिरा आलेल्या एका विद्यार्थ्याने मागचे दार सताड उघडले. बाहेरच्या बोळातला लख्ख उजेड आत शिरला. अंधार गेला की माझी जादूही जाते, मित्रांनो. मैनाने वर पाहिले. माझ्यात तिला तिचा चेहरा दिसला, आणि त्यातून डोकावणारे रांगेने बसलेले अनोळखी चेहरेही. दार घाईने लागले, पण काय उपयोग? तिने ससा टेबलावर पालथा ठेवला. पुढच्या खेपेला ती टेबलाखाली जाऊन बसली, ती बाहेर आलीच नाही.

तो विद्यार्थी रडवेला झाला होता. बाई म्हणाल्या, "तू दार उघडलंस म्हणून तिला कळलं. चूक त्याच्या आधीची आहे, आणि ती माझी आहे. मी तिच्या आईला विचारलं, तिला विचारलंच नाही."

"पण बाई, परवानगीच्या कागदावर आईची सही आहे की," एक मुलगी म्हणाली. "आणि आता विचारलं आणि ती नाही म्हणाली तर? आमचं वर्षभराचं शिकणं पाण्यात जाईल."

"जाईल," बाई म्हणाल्या. "'नाही' ऐकायची तयारी नसेल तर विचारायचं तरी कशाला?"

त्यानंतरच्या खेपेला बाईही साडी सावरत त्या बुटक्या टेबलाखाली शिरल्या. डोके आपटले ते वेगळेच. "मैना, तुला न विचारता मी लोकांना बघू दिलं. माझं चुकलं. पलीकडची खोली बघायचीय का तुला?"

बऱ्याच वेळाने मैना बाहेर आली. बाई तिला अंधाऱ्या खोलीत घेऊन आल्या. विद्यार्थी भिंतीला टेकून उभे होते. उजेडात आता एकटी आई होती. लेक खिडकीतून बघणार आहे हे तिला सांगितलेले होते, पण आरसा समोर दिसल्यावर बिचारी विसरली. जवळ आली, तोंड वासले आणि दातात अडकलेले काहीतरी नखाने काढू लागली. मैनाचे पोट हसून हसून हलू लागले, अगदी आवाज न करता.

मग बाईंनी अंधाऱ्या खोलीतला दिवा लावला. आईला सगळे दिसले. ती दचकली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"हे असं आहे बघ सगळं," बाई मैनाला म्हणाल्या. "आता तू सांग. आपण पलीकडे बसलो असताना हे इथून बघत बसले तर चालेल तुला? नुसती मान हलवलीस तरी पुरे."

मैनाने एकेकाकडे नीट पाहिले. मग वर बाईंकडे पाहिले.

"नाही," ती म्हणाली.

मान हलवली नाही, मित्रांनो, तोंडाने म्हणाली! उंबऱ्याबाहेरचा तिचा पहिला शब्द. बारीक, घोगरा, पण स्वच्छ. मी इतकी माणसे पाहिली, इतके अश्रू पाहिले, पण त्या क्षणाएवढे थोर काही पाहिले नाही. एवढ्याशा जिवाने मोठ्यांना अडवले आणि मोठी माणसे अडली! पलीकडे आईला आवाज पोचला नव्हता. तिला फक्त लेकीचे ओठ हललेले दिसले. तिने माझ्यावर तळहात टेकला. काच असून मी शहारलो.

"बरं," बाई म्हणाल्या. "नाही तर नाही."

सर्वांत आधी तो उशिरा येणारा विद्यार्थी बाहेर पडला, मग बाकीचे.

सुताराने उजेडाच्या बाजूने माझ्यावर जाड पडदा लावला आणि त्याची दोरी मैनाच्या हाताला येईल इतकी खाली सोडली. स्पीकरची तारही काढून टाकली. दर खेपेला मैना स्वतः दोरी ओढायची, पडदा नीट लागला का ते बघायची आणि मगच बसायची. एके काळी मिरवणारा मी मुकाट्याने पडद्याआड गेलो. रुसलो नाही. या खोलीतले सर्वांत मोठे काम त्या दोरीचे आहे, हे मला उमगले होते.

वर्ष संपताना विद्यार्थ्यांनी बाईंना गाठले. "सांगा ना, काय झालं?"

"तिनं एवढंच सांगायची परवानगी दिलीय," बाई म्हणाल्या. "काल हजेरीच्या वेळी ती वर्गात 'हजर' म्हणाली. बाकीचं तिचं आहे."

त्यानंतर कितीतरी वर्षे गेली. एक तरुणी बाईंना भेटायला आली आणि आत येताच तिने ती जुनी दोरी चाचपली. बाईंचे केस आता पांढरे झाले होते. त्यांनी विचारले, "नव्या मुलांना तुझी गोष्ट सांगू का ग? ओळख न सांगता?"

ती हसली. "सांगा की. पडद्यापर्यंतची सगळी सांगा. पडद्यामागची नको."

मित्रांनो, आता माझ्या कडा काळवंडल्या आहेत. लवकरच इथे कॅमेरे लागतील आणि मी अडगळीत जाईन. त्याचे दुःख नाही. माझी एकच विनंती आहे: माझ्या जागी काहीही आणा, पण त्याला पडदा असू द्या, आणि दोरी समोरच्याच्या हाताला येईल अशी बांधा.

पडद्यामागे मैना काय काय बोलली, ते मी शब्द न् शब्द ऐकले आहे. म्हणून मी इथेच थांबतो.