एकशेवीस व्होल्ट

“भिंतीत खुपसू नकोस. आधी मागचं लेबल वाचू दे,” मिस्त्री म्हणाला, तशी बायकोने हातातला हेअर ड्रायर त्याच्यापुढे केला.

लेकीची बॅग परदेशाहून येऊन दीड महिना झाला होता. लेक आली नव्हती. चार दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती तिकडेच गेली आणि तिकडेच तिचं सगळं उरकलं. तेव्हापासून बायकोचं कशातच मन नव्हतं. आज पहिल्यांदाच ती आपणहून काही मागत होती.

“एकदा चालू करून द्या हो. रोज फोनवर याचीच घरघर ऐकायची मी. ‘आई, केस वाळवतेय, तू बोलत राहा,’ म्हणायची.”

मिस्त्रीने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. एकशेवीस व्होल्ट. घरात दोनशेतीस. सरळ लावला असता तर डोळ्याचं पातं लवायच्या आत जळाला असता. चाळीस वर्षं तो गिऱ्हाइकांना हेच बजावत आला होता. सासुरवाडीचा पंखासुद्धा हा लेबल वाचल्याशिवाय लावत नाही, अशी थट्टा करत लोक त्याला लेबलमास्तर म्हणत. आज मात्र त्याला धास्ती वाटत होती. हे एक काम बिघडलं, तर बायको पुन्हा कधी काही मागणार नाही.

आपल्या विजेच्या वस्तू दुरुस्तीच्या दुकानात जाऊन त्याने व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर काढला. ड्रायर बाराशे वॅटचा, म्हणून छोटा बाजूला सारून दोन हातांनी उचलावा लागणारा घेतला. ड्रायर खोलला, वायर तपासली, ब्रशने आतली धूळ झाडली, मागची जाळी काढून लख्ख पुसली. मीटर लावला. एकशेअठरा. त्याचा जीव भांड्यात पडला. दुकान झाडून त्याने केर कचऱ्याच्या गाडीत टाकला आणि घर गाठलं.

बटण दाबताच घरघर सुरू झाली. बायको डोळे मिटून ऐकत राहिली. मग तिने ड्रायर उलटा केला.

“इथे केस होते.”

“कुठे?”

“जाळीत. तिचे. गुंतून बसले होते. मी रोज बघायचे.” ती जाळीवरून बोट फिरवत राहिली. “मला वाटलं, तुम्हाला दिसतील.”

मिस्त्रीने जाळीकडे पाहिलं. दिसले होते. चिमटीत धरून त्यानेच ओढून केरात टाकले होते. आलेली वस्तू साफ केल्याशिवाय परत द्यायची नाही, ही त्याची आयुष्यभराची रीत. हात आपोआप चालले होते.

“अगं, माझ्या लक्षातच...”  लेक गेल्यापासून तो रडला नव्हता, तो आता लहान मुलासारखा रडला.

“असू दे,” बायको म्हणाली. “तुम्ही नीटच करून दिलंत.”

ट्रान्सफॉर्मर तापू लागला होता. एरवी त्याने लगेच बटण बंद केलं असतं. आज दोघांपैकी कोणीच हात पुढे केला नाही.